बंदूक कोणाच्या परवानगीने?

३ नोव्हेंबर १९१६ रोजी कतारचे शेख अब्दुल्ला बिन जासिम अल थानी आणि ब्रिटिशांचे आखातातले राजकीय रेसिडेंट सर पर्सी कॉक्स यांच्यात तह झाला. या तहाने कतार ब्रिटिशांच्या छत्राखाली आले, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत तो परराष्ट्र धोरणाच्या प्रकरणात सापडतो. पण त्यात बंदुकांविषयीही एक कलम आहे. शेखांनी लिहून दिले की आपल्या मुलखात शस्त्रे आणणे आणि विकणे यापुढे बंद. बदल्यात ब्रिटिशांनी कबूल केले की शेखांना स्वतःसाठी आणि आपल्या माणसांसाठी लागतील तेवढ्या, वाजवी गरजेपुरत्या बंदुका मस्कतच्या शस्त्रगोदामातून घेता येतील.

कतारमधल्या शस्त्रनियमनाची लेखी सुरुवात शोधायची तर मी या कलमाशी थांबेन. त्यात नागरिक कुठेच नाही. हक्क नाही, परवान्याचा अर्ज नाही, कोणी बाळगावी आणि कोणी बाळगू नये याची चर्चाही नाही. एका राज्यकर्त्याने बाहेरच्या सत्तेला शब्द दिला आणि त्या शब्दाच्या बळावर तो आपल्या मुलखात बंदुकीचा एकमेव दरवाजा झाला. कालपर्यंत होडीतून उतरलेली रायफल कोणीही विकत घेऊ शकत होता. आता ती शेखांकडून मिळणार होती, म्हणजे शेखांच्या मर्जीतल्या माणसालाच मिळणार होती. पुढच्या शंभर वर्षांत तेल आले, वायू आला, स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली. बंदुकीच्या बाबतीतली ही मूळ रचना मात्र फारशी हललेली दिसत नाही.

ब्रिटिशांना कतारच्या बंदुकांची एवढी काळजी कशासाठी? खरे तर त्यांना कतारची काळजी नव्हतीच. त्यांची नजर खैबर खिंडीवर होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपातल्या फौजा जुन्या रायफली टाकून नव्या घेत होत्या, आणि टाकलेला माल व्यापारी मस्कतला उतरवत होते. तिथून छोट्या गलबतांतून तो मकरानच्या किनाऱ्यावर जाई, पुढे उंटांच्या तांड्यांवरून अफगाणिस्तानात, आणि अखेर वायव्य सरहद्दीवरच्या पठाणांच्या खांद्यावर. १८९७ मध्ये तिराहच्या डोंगरात बंड पेटले, तेव्हा हिंदुस्थान सरकारला आखातातल्या या व्यापाराची खरी झळ लागली. पुढच्याच जानेवारीत ‘बलुचिस्तान’ नावाच्या जहाजावरचा दारूगोळा ब्रिटिश युद्धनौका ‘लॅपविंग’ने मस्कतच्या पाण्यात जप्त केला. गंमत अशी की माल ब्रिटिश व्यापाऱ्यांचाच होता. ते लंडनच्या न्यायालयात गेले, खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचला आणि १९०२ मध्ये ते हरले. मस्कतच्या सुलतानाने जप्तीला अधिकार दिला होता, म्हणून ती कायदेशीर, असा निकाल लागला. साम्राज्याला बंदूकबंदी हवी होती, पण तिच्यावर सही स्थानिक राज्यकर्त्याची लागत होती. कतारच्या कलमाचा नमुना इथेच तयार झाला.

१९०९ पासून आरमाराने आखातात नाकेबंदी सुरू केली. २४ डिसेंबर १९१० रोजी ‘हायसिंथ’ या युद्धनौकेवरचे सैनिक चोरट्या बंदुकांच्या शोधात दुबईत उतरले. झडतीवरून चकमक झाली, तोफा चालल्या, ३७ अरब मेले. त्यानंतर दुबईच्या शेखांना दंड झाला तो ४०० रायफली आणि ५० हजार रुपये. रुपयेच, कारण या साऱ्या किनाऱ्यावर हिंदुस्थानचे नाणे चाले. आखाताचा कारभार पाहणारी बुशायरची रेसिडेन्सी १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होती, नंतर ती हिंदुस्थान सरकारकडे गेली. कतारमध्ये तर १९६६ पर्यंत रुपया चालत होता. १९१२ मध्ये मस्कतच्या सुलतानाने सारी आयात शस्त्रे एका सरकारी गोदामात ठेवून परवान्याने विकण्याची पद्धत घातली. फ्रेंच व्यापाऱ्यांच्या जुन्या सवलती आड येत होत्या, त्या फ्रान्सने १९१४ मध्ये सोडल्या. कतारच्या तहातले गोदाम ते हेच.

याच वर्षांत मुंबई सरकारची झोप उडवणारी एक गोष्ट घराजवळ घडली. लंडनहून सावरकरांनी धाडलेली वीस ब्राउनिंग पिस्तुले मुंबईत पोहोचली, आणि त्यांतल्या एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनचा वध केला. सरहद्दीवरची रायफल आणि नाशिकचे पिस्तूल यांच्या वाटा वेगळ्या, माणसे वेगळी, हेतू वेगळे. पण सिमल्याच्या कचेरीत दोन्हींचा अर्थ एकच लागत होता: प्रजेच्या हाती शस्त्र नको.

हिंदुस्थानात या धोरणाला कायद्याचे रूप आधीच आले होते. लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ मध्ये शस्त्र कायदा झाला, त्याच वर्षी देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही. त्याच १८७८ च्या १८ डिसेंबरला कतारमध्ये जासिम बिन मोहम्मद अल थानी यांनी वडिलांच्या मागे सत्ता हाती घेतली. हा दिवस आज कतारचा राष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. तिथून दोन्ही समाजांचे बंदुकीशी नाते दोन दिशांना गेले.

आपल्याकडे शस्त्र कायद्याने लोकमत तयार केले. युरोपियनांना मोकळीक आणि देशी माणसाला मनाई, हा अपमान शिकलेल्या माणसाला फार झोंबला. बंदूक हवी म्हणून तो तक्रार करत होता असे मला वाटत नाही. पुण्यातल्या वकिलाला किंवा मद्रासच्या संपादकाला रायफल घेऊन करायचे काय होते? त्याला बोचत होता तो अविश्वास. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये बिपिनचंद्र पालांनी हा कायदा रद्द करण्याची मागणी जोराने मांडली आणि त्यानंतर हा विषय काँग्रेसच्या मागण्यांतून हलला नाही. १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मिठावरचा कर आपल्याला आठवतो, पण त्याच यादीत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत, त्यांवर लोकांचे नियंत्रण असावे, ही मागणीही होती. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने ती करावी याचे अनेकांना आश्चर्य वाटते. बंदूक चालवणे आणि बंदुकीपुरताही अविश्वास सहन न करणे या गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे ध्यानात घेतले की ते आश्चर्य ओसरते. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत जाऊन बसला.

मग स्वातंत्र्य आले आणि घटना समितीत हरि विष्णू कामथ यांनी त्याच ठरावाची आठवण करून दिली. डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी ती फेटाळली, आणि त्यांचा युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. परक्या सरकारविरुद्ध प्रजेने उठू नये म्हणून तो जुना कायदा होता, तेव्हा त्याला विरोध योग्यच होता. ते कारण आता उरलेले नाही. ज्याला त्याला बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत घेण्याचा हक्क दिला तर सरकारने राज्य चालवायचे कसे? आणि पुढचा मुद्दा खास आंबेडकरी होता: आग्रह धरायचाच असेल तर तो शस्त्र धरण्याच्या हक्काचा नको, शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरा. संकटकाळी राष्ट्राने हाक दिली तर नागरिकाने शस्त्र उचलले पाहिजे.

साठ वर्षे चाललेली मागणी अशी एका दुपारी मावळली, आणि रस्त्यावर कोणी ओरडले नाही. लोकमत मुळात बंदुकीविषयी नव्हतेच, याचा याहून मोठा पुरावा कोणता? १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवाना जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. पुन्हा थोडी खळखळ झाली ती २०१९ मध्ये. एका व्यक्तीला तीन बंदुकांची मुभा होती, ती सरकारने विधेयकात एकावर आणली. वाडवडिलांच्या बंदुका घरात असणारी राजस्थान-पंजाबकडची घराणी कुरकुरली आणि कायदा होताना आकडा दोनवर आला. लग्नात हवेत गोळ्या झाडण्याला स्वतंत्र शिक्षा याच दुरुस्तीने आली: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. एकाचे दोन होणे ही छोटी गोष्ट आहे, पण संसदीय लोकशाहीत लोकमताचा दाब कसा दिसतो हे तिच्यात नेमके दिसते.

आता परत कतारकडे. तिथे बंदुकीची आठवण अपमानाची नाही, अभिमानाची आहे. १८९३ च्या सुरुवातीला बसऱ्याचा ऑटोमन सुभेदार मेहमेद हाफिझ पाशा फौज घेऊन दोह्यात आला. कर आणि कस्टमची बोलणी फिसकटली. दोह्याच्या पश्चिमेला वजबा इथे शेख जासिमच्या टोळीवाल्यांनी त्याच्या फौजेला धूळ चारली. वजबाची लढाई कतारी मुलांच्या पाठ्यपुस्तकात असते, आणि राष्ट्रीय दिनाला ‘अर्दा’ नाचात तलवारी आणि बंदुका खांद्यावर घेऊन पुरुषांच्या रांगा डोलतात तेव्हा तीच आठवण जागते. त्या बंदुका टोळीच्या होत्या. पण टोळ्या शेखांच्या बोलावण्यावरून लढल्या आणि विजय शेखांच्या नावावर जमा झाला. शस्त्रधारी टोळी ही राज्यकर्त्याची ताकद असते आणि त्याची धास्तीही. कतारचा पुढचा सगळा शस्त्र-इतिहास या दुधारी नात्याभोवती फिरतो.

विसाव्या शतकाच्या शेवटी हे नाते उघड ताणले गेले. २७ जून १९९५ रोजी शेख हमद बिन खलिफा यांनी परदेशी गेलेल्या वडिलांना बाजूला सारून सत्ता घेतली. फेब्रुवारी १९९६ मध्ये वडिलांना परत बसवण्याचा उठाव फसला, आणि त्यात अल मुर्रा टोळीतल्या काही मंडळींचा हात असल्याचा आरोप झाला. काही वर्षांनी, २००४-०५ मध्ये, याच टोळीच्या अल गुफ्रान शाखेतल्या हजारो लोकांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. पुढे त्यांतल्या पुष्कळांना ते परत मिळाले. या दोन घटनांच्या मध्ये, १९९९ मध्ये, शस्त्रे, दारूगोळा व स्फोटके यांविषयीचा कायदा क्रमांक १४ आला. त्याने शस्त्राची मालकी, आयात आणि व्यापार गृह मंत्रालयाच्या परवान्याखाली आणला. उठावामुळे कायदा झाला असे ठामपणे म्हणता येणार नाही. तेलावर उभ्या राहिलेल्या कुठल्याही राज्याला केव्हातरी असा कायदा करावाच लागतो. तरी घटनांचा क्रम डोळ्यांआड करावा असाही नाही.

त्याच १९९९ च्या ८ मार्चला कतारमध्ये पहिल्यांदा मतदान झाले. २९ जागांची मध्यवर्ती नगरपरिषद निवडायची होती आणि स्त्रियांनाही मत होते. म्हणजे एकाच वर्षी नागरिकाच्या हाती मतपत्रिका आली आणि त्याची बंदूक मंत्रालयाच्या वहीत गेली. दोन्ही निर्णय वरून आलेले. नगरपरिषद रस्ते आणि कचरा यांवर बोलू शके, शस्त्र कायद्यावर नाही. तो शूरा परिषदेचा, म्हणजे देशाच्या सल्लागार विधिमंडळाचा, विषय, आणि शूरातले सभासद त्या वेळी अमीरच नेमत असत.

मग लोकमत होते कुठे? ते मजलिशीत होते. मजलिस म्हणजे घराच्या पुढच्या भागातली पुरुषांची बैठक, साधारण आपल्या वाड्याच्या सदरेसारखी. कहवा फिरतो, नातेवाईक आणि टोळीतले लोक येऊन बसतात, आणि कोणाच्या मुलाला नोकरी, कोणाच्या जमिनीचा वाद, कोणाचा परवाना अडला, हे सारे तिथे निघते. ज्येष्ठ माणूस ते वर पोहोचवतो. अशा ठिकाणी कायदा बदलावा अशी मागणी क्वचित होते. मागितली जाते ती सवलत. कायदा कडक राहतो आणि माणूस पाहून तो वाकतो. शस्त्र परवान्यासारख्या अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलेल्या गोष्टीला तर ही पद्धत फारच मानवते. आपल्याकडे आमदाराच्या शिफारशीने मिळालेला बंदुकीचा परवाना आठवावा, म्हणजे नाक मुरडण्याची इच्छा कमी होईल.

२ ऑक्टोबर २०२१ रोजी शूराच्या ४५ पैकी ३० जागांसाठी निवडणूक झाली. पण त्याआधीच्या निवडणूक कायद्याने उमेदवारीचा हक्क १९३० पूर्वीपासून वसलेल्या घराण्यांपुरता ठेवला होता. अल मुर्रा टोळीतून निदर्शने झाली, अटका झाल्या. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अमीर शेख तमीम यांनी सांगितले की निवडणुकीतली चढाओढ घराण्या-घराण्यांत आणि टोळ्या-टोळ्यांत उतरली. ५ नोव्हेंबर २०२४ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतांनी शूराची निवडणूकच रद्द झाली आणि नेमणुकीची जुनी पद्धत परत आली. मतदानाच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्यासारख्याला हे पचत नाही. पण एवढे मान्य करावे लागते की टोळीची निष्ठा मतपेटीत आली की उद्या आणखी कुठे जाईल, ही भीती त्या राजघराण्याला उगीच वाटत नाही.

शेजारच्या कुवेतमध्ये बरीच वर्षे खरी संसद होती, म्हणून तिथे हाच प्रश्न वेगळा दिसला. १९९० च्या इराकी आक्रमणाने घराघरांत शस्त्रे सोडली. सरकारला ती हवी होती आणि खासदारांना घराची अब्रू सांभाळायची होती. चोरट्या शस्त्रांसाठी घरझडतीचा अधिकार देणारा कायदा २०१५ मध्ये झाला आणि आधी चार महिन्यांची मुदत देण्यात आली: शस्त्र आणून द्या, विचारणा होणार नाही. ती मुदत हे संसदेच्या अस्तित्वाचे लक्षण होते. २०२४ च्या मे महिन्यात कुवेतची संसदही बरखास्त झाली.

लोकशाहीत पुढाऱ्याचे लोकमताशी नाते सरळ असते असे मात्र समजू नये. अमेरिकेत २०१२ च्या डिसेंबरमध्ये सँडी हूक शाळेत वीस मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासावी याला चाचण्यांत दहापैकी नऊ लोकांचा पाठिंबा दिसत होता. एप्रिल २०१३ मध्ये तसे विधेयक सिनेटमध्ये आले, त्याला ५४ मते पडली, आणि साठ लागत होती म्हणून ते पडले. उलट ऑस्ट्रेलियात २८ एप्रिल १९९६ ला पोर्ट आर्थर इथे ३५ माणसे मेल्यावर पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी बारा दिवसांत राज्यांकडून करार करून घेतला. त्यांचे स्वतःचे ग्रामीण मतदार भडकले. जूनमध्ये सेल गावात बंदूकधारकांच्या सभेपुढे ते बोलायला उभे राहिले तेव्हा कोटाखाली गोळीरोधक जाकीट होते, आणि ते सगळ्यांना दिसत होते. पुढे सरकारने साडेसहा लाख बंदुका विकत घेऊन मोडल्या. हॉवर्ड यांनी लोकमतापुढे मान तुकवली असे म्हणता येत नाही आणि ते धुडकावले असेही नाही. त्यांनी ते अंगावर घेतले. शूरातल्या नेमलेल्या सभासदाला असे जाकीट घालावे लागत नाही. त्याचा फायदाही आहे: चौदा क्रमांकाचा कायदा बदलायचा ठरला तर तो बदलतो. तोटा असा की तो का बदलला, हे विचारायला बाहेर कोणी उभे नसते.

किती बंदुका आहेत कतारमध्ये? जिनिव्हातल्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेचा २०१७ सालचा अंदाज दर शंभर माणसांमागे सोळा-सतरा इतका आहे. भारताचा पाचच्या आसपास, अमेरिकेचा एकशे वीस. आकडा जगभर छापला जातो, पण त्याला जरा हात लावून पाहावे. कतारची तेव्हाची लोकसंख्या पंचवीस लाखांच्या घरात धरली तर बंदुका होतात चार लाखांच्या आसपास. लोकसंख्येतले नागरिक साधारण तीन-साडेतीन लाख, बाकी सारे आमच्यासारखे पोटासाठी गेलेले. विटा वाहणाऱ्या बिहारी मजुराच्या किंवा दवाखान्यात नोकरी करणाऱ्या मल्याळी परिचारिकेच्या खोलीत बंदूक नसते. म्हणजे हा अंदाज खरा असेल तर पाळण्यातल्या बाळासकट दर कतारी माणसामागे एकाहून अधिक बंदूक निघते. हे पटण्यासारखे नाही. शेजारच्या देशांचे अंदाजही याच घरात आहेत, यावरून नोंदी मिळत नाहीत तिथे आजूबाजूचे पाहून आकडा बसवला जातो असे दिसते. मजलिशीत अडकलेले लोकमत जसे मोजता येत नाही, तशीच ही बंदूकही. आणि तरी खुनांचे प्रमाण दर लाख वस्तीमागे एकाहून कमी.

तीस लाखांच्या या देशात सात-आठ लाख भारतीय राहतात, मूळ कतारी लोकांच्या दुप्पट. त्यांत मराठी घरेही आहेत. त्यांचे बंदुकीविषयी मत काय, हे कोणी विचारत नाही आणि तेही सांगायला जात नाहीत. रात्री दोन वाजता बायको एकटी टॅक्सीने घरी येते, यावर ते खूश असतात, आणि ती सुरक्षितता कोणत्या व्यवस्थेतून येते याची चौकशी व्हिसाच्या कागदावर राहणारा माणूस फारशी करत नाही.

मराठी माणूस कतारमध्ये बंदुकीच्या सर्वांत जवळ गेला तो खेळातून. २००६ च्या आशियाई खेळांच्या वेळी दोह्याच्या उत्तरेला लुसैल इथे मोठे नेमबाजी संकुल वापरात आले. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये अंतिम फेरी गाठून टोकियो ऑलिंपिकची जागा मिळवली. म्युनिकमध्ये २०१० साली जागतिक विजेतेपद मिळवलेल्या या नेमबाजाला पहिल्या ऑलिंपिकसाठी एवढी वाट पाहावी लागली. खुद्द कतारचा सर्वांत प्रसिद्ध नेमबाज नासर अल अतिया. मोटार शर्यतींत डाकार जिंकणारा हा गडी लंडन ऑलिंपिकमध्ये स्कीट प्रकारात कांस्यपदक घेऊन आला.

बंदुकीचे दुसरे प्रतिष्ठित ठिकाण म्हणजे दोह्याच्या कतारा भागात २०१७ पासून भरणारे शिकार आणि बहिरी ससाण्यांचे प्रदर्शन. त्याचे नाव ‘सुहैल’, म्हणजे आपला अगस्तीचा तारा. तो उगवला की आखातात उन्हाळा सरला असे मानतात. तिथे शिकारी बंदुकांचे कक्ष असतात, पण खरेदीची वाट गृह मंत्रालयाच्या परवान्यावरूनच जाते. कतारी शिकारीत मान ससाण्याचा, आणि शिकारीवर २००२ पासून स्वतंत्र कायदाही आहे. तिथली बंदूक पुष्कळदा प्रतिष्ठेची वस्तू असते: भिंतीवर, पेटीत, लग्नात.

ज्या बंदुका खरोखर राज्य राखतात त्या कोणाच्या हाती? मोठा वाटा परक्यांचा. अल उदैदला अमेरिकनांचा प्रचंड हवाई तळ, शिवाय तुर्कांचाही तळ. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी तुर्कस्तानने तीन हजार दंगलविरोधी पोलीस दिले आणि पाकिस्तानने सैनिक. १९१६ मध्ये शेखांनी मस्कतच्या गोदामातून बंदुका घेण्याची मुभा मिळवली होती. आता बंदुका चालवणारी माणसेच करारावर येतात.

कतारी तरुणाकडून मात्र राज्याने हळूहळू नेमके आंबेडकरांनी सुचवलेले मागायला सुरुवात केली. देशरक्षण हे नागरिकाचे कर्तव्य आहे असे कतारच्या राज्यघटनेत लिहिलेलेच आहे. २०१४ मध्ये तरुणांना तीन-चार महिन्यांची सक्तीची सैनिकी सेवा लागू झाली. २०१७ च्या जूनमध्ये सौदी अरेबिया, अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारची कोंडी केली, आणि २०१८ मध्ये सेवा एक वर्षाची झाली. स्त्रियांना ती ऐच्छिक. इथे पहिल्यांदा कतारी माणूस टोळीचा म्हणून नव्हे, नागरिक म्हणून शस्त्राजवळ आला. विश्वचषकाच्या आधी शेकडो कतारींना अशा सेवेवर बोलावले गेले, त्यांत परदेशातल्या वकिलातींमधले अधिकारीही होते. पहाटे उठून त्यांना स्टेडियमच्या दारावरच्या रांगा कशा सांभाळायच्या आणि प्रेक्षकांची झडती कशी घ्यायची हे शिकवण्यात आले: पोनीटेलमध्ये, जाकिटाच्या अस्तरात, खोट्या पोटाच्या आड कोणी दारू, अमली पदार्थ किंवा हत्यार तर नेत नाही ना.